इंजिनातील तेलाचे उष्णतामान कोठे मोजावे?

गोंदिया जिल्ह्यातील बिरसी या गावाच्या शिवारात दोन प्रकारची इंजिने एकाच वेळी कानी पडतात. एक म्हणजे धानाच्या बांध्यांत चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरचे, व दुसरे म्हणजे माथ्यावरून घिरट्या घालणाऱ्या शिकाऊ विमानाचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश राजवटीने येथे धावपट्टी बांधली. पुढे ती बरीच वर्षे सरकारी बांधकाम खात्याकडे, व नंतर २००५ च्या अखेरीपर्यंत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे होती. त्यानंतर ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाने हाती घेतली व येथे वैमानिकांचे शिक्षण सुरू झाले. ट्रॅक्टर चालविणारा शेतकरी आणि विमान चालविण्यास शिकणारा विद्यार्थी यांचे काम सर्वस्वी निराळे असले तरी एक गोष्ट दोघांनाही समान आहे. दोघांचेही इंजिन वंगण तेलाच्या पातळ थरावर तरंगत असते, व तो थर तुटला की इंजिन संपले.

वैमानिकाच्या पुढ्यातील फलकावर तेलाच्या दाबाचा काटा असतो आणि त्याच्या शेजारीच तेलाच्या उष्णतामानाचाही काटा असतो. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांवर मात्र पाण्याच्या उष्णतामानाचा काटा व तेलाच्या दाबाचा दिवा एवढीच सोय असते. हल्ली बाजारात तेलाचे उष्णतामान दाखविणारे मीटर सहज मिळू लागले आहेत. पुष्कळ शेतकरी व मोटारमालक ते बसवून घेतात. परंतु मीटर कोणते घ्यावे याचा जितका विचार केला जातो, तितका त्याचा संवेदक, म्हणजे मिस्त्री ज्याला सेन्सर म्हणतात तो, इंजिनावर नेमका कोठे बसवावा याचा केला जात नाही. वास्तविक खरा प्रश्न तोच आहे. एकाच इंजिनात, एकाच क्षणी, निरनिराळ्या जागी तेलाचे उष्णतामान निरनिराळे असते. जागा चुकली तर काटा स्वस्थ दिसतो आणि बेअरिंग जळून जाते.

तेलाचा प्रवास

जागा निवडण्यापूर्वी तेल इंजिनातून कसे फिरते हे समजून घेतले पाहिजे. इंजिनाच्या तळाशी तेलाची टाकी असते. तिला आपल्याकडे चेंबर म्हणतात. तेथून जाळीतून तेल पंपात खेचले जाते. पंप ते दाबाने पुढे ढकलतो. काही इंजिनांत ते आधी तेल थंड करणाऱ्या जाळीतून, म्हणजे ऑइल कूलरमधून जाते. नंतर ते फिल्टरमधून गाळले जाऊन इंजिनाच्या अंगात कोरलेल्या मुख्य वाहिनीत येते. या वाहिनीतून क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांना, कॅमशाफ्टला व वरच्या झडपांच्या यंत्रणेला तेल मिळते. आपले काम करून ते आपल्याच वजनाने पुन्हा चेंबरमध्ये उतरते.

या प्रवासात तेल दोन कामे करते. एक, घासणाऱ्या भागांना परस्परांपासून अलग ठेवणे. दोन, पाणी जेथे पोहोचू शकत नाही तेथली उष्णता उचलून आणणे. पिस्टनचा तळ व बेअरिंगे यांना पाण्याचा स्पर्श होत नाही. त्यांना थंड ठेवण्याचा भार तेलावरच असतो. म्हणून तेल सर्वांत तापलेले असते ते बेअरिंगातून व पिस्टनखालून बाहेर पडताना, आणि त्या मानाने थंड असते ते चेंबरमध्ये स्थिरावल्यावर किंवा कूलरमधून निघाल्यावर. सर्वांत तापलेल्या जागी सेन्सर बसविणे सामान्य मनुष्यास शक्य नसते, कारण तेथे सर्व भाग फिरते असतात. त्यामुळे आपण दुसऱ्या एखाद्या जागी मोजतो व त्यावरून आतल्या परिस्थितीचा अंदाज करतो. हा अंदाज खरा ठरावा एवढ्यासाठीच जागेचा विचार करावयाचा.

उष्णतामान वाढले तर काय बिघडते?

तेल तापले की पातळ होते. डिझेल ट्रॅक्टरांत सामान्यतः वापरले जाणारे १५ डब्ल्यू-४० जातीचे तेल १०० अंश सेल्सिअसला किती दाट असावे हे ठरलेले आहे. दाटपणा मोजण्याच्या सेंटिस्टोक या मापाने ते १२.५ पासून १६.३ च्या आत असले पाहिजे. त्याहून पुष्कळ तापले तर ते इतके पातळ होते की भार आला असता बेअरिंगामधील थर टिकत नाही. दुसरे असे की तेल हवेतील प्राणवायूने खराब होते व या क्रियेचा वेग उष्णतेबरोबर झपाट्याने वाढतो. साधारण ठोकताळा असा आहे की दर १० अंशांच्या वाढीस हा वेग दुप्पट होतो. म्हणजे जे तेल नेहमीच्या उष्णतामानाला पुरे ठरलेले तास टिकते, ते २० अंश अधिक तापवीत राहिल्यास त्याच्या चौथ्या हिश्श्यातच निकामी होऊ शकते.

फार थंड तेलही चांगले नव्हे. इंजिन जळणाची वाफ व थोडे डिझेल सतत तेलात उतरवीत असते. तेल पुरेसे तापले तर ही वाफ उडून जाते. ते नेहमीच कोमट राहिले तर पाणी साचून गढूळ, आम्लयुक्त गाळ तयार होतो. विमानांची इंजिने बनविणारी लायकमिंग ही अमेरिकन कंपनी आपल्या इंजिनांसाठी तेल सुमारे ८२ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असावे असे सांगते, ते याच कारणाने. त्यांच्या पुष्कळ इंजिनांसाठी वरची मर्यादा सुमारे ११८ अंशांची आहे. अर्थात् ही मर्यादा त्या इंजिनांची आहे व त्यांच्या ठरलेल्या जागी मोजलेल्या तेलाची आहे.

पाण्याचा काटा असताना हा दुसरा काटा कशाला?

ही शंका पुष्कळांना येते व ती रास्त आहे. तिचे उत्तर तीन प्रकारचे आहे.

पहिले असे की पाणी लवकर तापते व तेल सावकाश. सकाळी इंजिन चालू केल्यावर पाण्याचा काटा काही मिनिटांत जागेवर येतो. तेलास मात्र त्याच्या दुप्पट किंवा अधिक वेळ लागतो. पाण्याचा काटा पाहून लगेच भर भार दिला तर दाट तेलावर इंजिन ओढले जाते.

दुसरे अधिक महत्त्वाचे आहे. रेडिएटरला गळती लागून पाणी उतरले, व पाण्याच्या सेन्सरभोवती पाणी न राहता नुसती वाफ किंवा हवा राहिली, तर पाण्याचा काटा खरे सांगत नाही. तो खालीही येऊ शकतो. काटा खाली आला म्हणून चालक निश्चिंत होतो, आणि नेमक्या त्याच वेळी इंजिन भाजत असते. अशा प्रसंगी तेलाचे उष्णतामान चढत जाते व सावध करते.

तिसरे उत्तर हवेने थंड होणाऱ्या इंजिनांविषयी आहे. त्यांत पाणीच नसल्यामुळे पाण्याचा काटाही नसतो. १९५९ साली फरिदाबाद येथे आयशर कंपनीचा भारतात तयार झालेला पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. या कंपनीचे हवेने थंड होणारे ट्रॅक्टर आजही पुष्कळ गावांत कामावर दिसतात. पाणी उपसण्याच्या पंपांवरही अशी इंजिने आहेत. अमेरिकेच्या विमानवाहतूक नियमांत हा भेद स्पष्टपणे मानलेला आहे. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनास त्या द्रवाच्या उष्णतामानाचा काटा हवा, आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनास तेलाच्या उष्णतामानाचा काटा हवा, असे ते नियम सांगतात. हवेच्या इंजिनात तेल हेच उष्णतेचे खरे साक्षीदार असते, हा त्यातील मथितार्थ आपणही घ्यावा.

जागा पहिली : चेंबरच्या तळाचा बोल्ट

तेल काढून टाकण्याचा जो बोल्ट चेंबरच्या तळाशी असतो, त्याच्या जागी सेन्सर असलेला बोल्ट बसविणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. भोक पाडावे लागत नाही, खर्च कमी येतो व काम अर्ध्या तासात होते. तेलाची पातळी जरा खाली गेली तरी सेन्सर बुडालेला राहतो. येथे मिळणारे उष्णतामान हे सर्व तेलाच्या सरासरीचे असते व साधारण पाहणीस ते पुरते.

परंतु धानाच्या मुलुखात या जागेचे तीन दोष आहेत. रोवणीच्या दिवसांत चिखलणी करताना ट्रॅक्टर पाण्याने भरलेल्या बांधीत चालतो. केजव्हीलने उडविलेला थंड चिखल चेंबरच्या तळावर सारखा आदळत असतो. त्यामुळे तळाचा बोल्ट थंड पडतो व काटा प्रत्यक्षाहून कमी दाखवितो. ज्या कामात इंजिनावर सर्वांत अधिक भार असतो त्याच कामात मीटर खोटे ठरते, हा मोठाच दोष म्हटला पाहिजे. दुसरा दोष असा की धुरा ओलांडताना किंवा कापलेल्या धानाच्या फणातून जाताना तारेस व सेन्सरच्या टोकास मार बसतो. तिसरा असा की चिखलपाण्याने तारेचा सांधा गंजतो.

मोटारगाडीच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी. गावच्या वाटेवर बैलगाडीच्या दोन चाकोऱ्यांमध्ये जो उंचवटा राहतो, त्यावर मोटारीचे चेंबर घासते. तळाच्या बोल्टातून खाली डोकावणारा सेन्सर तेथे तुटला तर सर्व तेल वाहून जाईल. सपाट सडकेवर चालणाऱ्या गाडीस ही जागा चालेल, पांदण रस्त्यावरच्या गाडीस चालणार नाही.

जागा दुसरी : चेंबरची बाजू

चेंबरच्या बाजूस, तेलाच्या किमान पातळीच्या पुष्कळ खाली व पंपाच्या जाळीच्या जवळ सेन्सर बसविला तर तो पंपात शिरणाऱ्या तेलाचे खरे उष्णतामान दाखवितो. चेंबरात मोजावयाचे असेल तर हीच जागा उत्तम. सेन्सरचे टोक भिंतीपासून आत, तेलात पुरेसे शिरलेले असावे. ते जाळीस किंवा फिरत्या क्रँकशाफ्टला लागता कामा नये. वरून तापलेले तेल जेथे थेट कोसळते तेथे ते नसावे.

मात्र यासाठी चेंबरला भोक पाडून त्यात आटे असलेला तुकडा जोडावा लागतो. हे काम चेंबर खाली उतरवूनच करावे. चेंबर जागेवर ठेवून भोक पाडल्यास धातूचा कीस आत पडतो व तो पंपाचा व बेअरिंगांचा नाश करतो. ट्रॅक्टरमालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. पुष्कळ ट्रॅक्टरांत पुढचा आस आणि गिअरपेटी यांच्यामध्ये इंजिन हेच सांगाड्याचे काम करते व ओतीव लोखंडाचे चेंबर तो भार पेलते. अशा चेंबरला भोक पाडणे किंवा वेल्डिंग करणे म्हणजे ट्रॅक्टरच्या कण्यावर घाव घालण्यासारखे आहे. ते कधीही करू नये.

जागा तिसरी : मुख्य वाहिनीवरील दाबाच्या सेन्सरची जागा

तेलाचा दाब दाखविणारा सेन्सर मुख्य वाहिनीवर बसविलेला असतो. तेथे टी आकाराचा तुकडा लावून त्याच्या एका तोंडास दाबाचा व दुसऱ्या तोंडास उष्णतामानाचा सेन्सर लावण्याची पद्धत पुष्कळ मिस्त्री अवलंबितात. मुख्य वाहिनीतील तेल म्हणजे बेअरिंगाकडे जाणारे तेल. म्हणून तत्त्वतः ही जागा चांगली आहे. परंतु टी-तुकड्यात तेल वाहत नाही. ते एका बंद बोळात अडकून राहते. वाहिनीतून जाणाऱ्या तापलेल्या तेलाची उष्णता त्या अडकलेल्या तेलात पुरती पोहोचत नाही, आणि बाहेरच्या हवेने तुकडा थंड होत राहतो. त्यामुळे येथे काटा उशिरा चढतो व कमी दाखवितो.

याच जागेचा उपयोग करावयाचा असेल तर उष्णतामानाचा सेन्सर थेट इंजिनाच्या भोकात, टोक वाहत्या तेलात पोहोचेल असा बसवावा. दाबाचा सेन्सर लवचीक नळीने दूर नेऊन घट्ट बांधावा. उष्णता वाहत्या तेलातच मोजावी लागते. दाब मात्र थांबलेल्या तेलातही तितकाच कळतो. जड पितळी टी-तुकडा व त्यावर दोन सेन्सर असा भार इंजिनाच्या हादऱ्याने कालांतराने आट्यापाशी तुटू शकतो हेही लक्षात असावे.

जागा चौथी : फिल्टरच्या बुडाशी

इंजिन व फिल्टर यांच्यामध्ये बसणारी एक जाड चकती मिळते. तिच्यात सेन्सरसाठी आट्याचे भोक असते. फिल्टरमधून जाणारे तेल या चकतीतून वाहते. ज्या इंजिनात सर्व तेल फिल्टरमधून जाते त्यात ही जागा फार सोयीची ठरते. सेन्सर वाहत्या तेलात असतो, इंजिनास भोक पाडावे लागत नाही, आणि बहुतेक ट्रॅक्टरांत फिल्टर इंजिनाच्या बाजूस वर असल्यामुळे चिखल, धुरा व फण यांपासून तो सुरक्षित राहतो. लायकमिंगच्या विमान-इंजिनांतही सेन्सर फिल्टर किंवा जाळीच्या घरापाशीच असतो व कूलरमधून परतलेले, म्हणजे इंजिनात शिरणारे, तेल मोजतो.

येथे चार गोष्टी पाहाव्यात. चकतीचे आटे आपल्या फिल्टरच्या आट्यांशी तंतोतंत जुळले पाहिजेत. फिल्टर चकतीच्या जाडीइतका पुढे सरकतो, म्हणून तो कशास घासत तर नाही ना हे पाहावे. जुन्या फिल्टरची रबरी कडी इंजिनाला चिकटून राहिली व तिच्यावर नवी बसली, तर दाबाने ती फुटून काही मिनिटांत सर्व तेल बाहेर येते. म्हणून बूड पुसून, बोट फिरवून खात्री करावी. काही जुन्या इंजिनांत तेलाचा थोडाच भाग फिल्टरमधून जातो. तेथे ही जागा तितकी विश्वसनीय नसते.

इतर युक्त्या

तेलाची पातळी पाहण्याच्या पट्टीऐवजी तिच्या नळीतून आत सोडावयाचा सेन्सर मिळतो. त्याची लांबी मूळ पट्टीइतकी अचूक ठेवावी. तो लांब झाला तर क्रँकशाफ्टला लागेल, आखूड झाला तर तेलाऐवजी हवा मोजील. शिवाय पातळी पाहताना मूळ पट्टीच वापरावी लागते, व कंटाळा करून ती पाहणेच सोडून दिल्यास लाभापेक्षा हानी अधिक होईल.

चेंबरच्या किंवा फिल्टरच्या बाहेरून सेन्सर बांधणे ही युक्ती सोपी असली तरी वाऱ्याने व चिखलाने तो थंड पडतो. हल्ली हातात धरून दुरून उष्णतामान दाखविणारी बंदुकीसारखी उपकरणे मिळतात. मीटर बसविणे ज्यांना परवडत नाही अशा चार-सहा शेतकऱ्यांनी मिळून असे एक उपकरण ठेवल्यास उपयोग होईल. रंग दिलेल्या, पुसून कोरड्या केलेल्या फिल्टरच्या बुडावर, नेहमी त्याच ठिकाणी व तितक्याच अंतरावरून ते धरावे. तो आकडा तेलाचा खरा आकडा नसतो, परंतु कालच्या आकड्याशी आजच्या आकड्याची तुलना करण्यास तो पुरेसा असतो.

कोणतीही जागा निवडली तरी धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांपासून सेन्सर व तार दूर असावी. त्या नळ्यांच्या आचेने काटा वाढलेला दिसतो व तारेचे वेष्टन जळते.

बसविण्यापूर्वी परीक्षा

मीटर व सेन्सर एकाच जोडीचे असावेत. बहुतेक विजेच्या सेन्सरांत उष्णता वाढली की विजेस होणारा विरोध कमी होतो. प्रत्येक कंपनीचे हे प्रमाण निराळे असते. एकाचा सेन्सर व दुसऱ्याचे मीटर जोडल्यास काटा हलेल, पण खरे सांगणार नाही.

याची परीक्षा घरच्या चुलीवरही घेता येते. सेन्सर मीटरला जोडावा, त्याच्या धातूच्या अंगास बॅटरीच्या ऋण टोकाची तार लावावी व फक्त टोक पाण्यात बुडेल असा तो टांगावा. तारेचा सांधा पाण्याबाहेर ठेवावा. पाण्यात चांगला उष्णतामापक धरून ६० व ८० अंशांना काटा काय दाखवितो ते लिहावे. शेवटी पाणी खळखळ उकळू द्यावे. बिरसीचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी सुमारे ९९ अंशांना उकळते. काटा तेथे ९० किंवा ११० दाखवीत असेल तर तो फरक कागदावर टिपून ठेवावा, किंवा मीटर बदलून घ्यावे. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी हा प्रयोग गावच्या सभेत करून दाखविल्यास त्याचा चांगला परिणाम होईल.

बसविताना आट्यांची जात पाहावी. निमुळते आटे सरळ आट्यांच्या भोकात जबरीने कसल्यास ओतीव भाग तडकतो. एका तारेचा सेन्सर आपल्या अंगातूनच इंजिनाशी विजेचा मार्ग पुरा करतो. म्हणून आट्यांवर पांढरी फीत भारंभार गुंडाळू नये. मार्ग तुटतो व फितीचे तुकडे तेलात जाण्याची भीती असते. ज्या जुन्या पद्धतीच्या मीटरात द्रव भरलेली बारीक नळी असते, ती नळी कापू नये व तिला मुरड पडू देऊ नये. वाहनाची हमीची मुदत चालू असेल तर आधी विक्रेत्यास लेखी विचारावे.

काटा कसा वाचावा?

प्रथम आपल्या इंजिनाची पुस्तिका पाहावी व तिच्यात दिलेले आकडे प्रमाण मानावेत. पुस्तिकेत उल्लेख नसल्यास सर्वसाधारण डिझेल इंजिनासाठी पुढील अंदाज ठेवावा. तेल ६० अंशांच्या खाली असताना भर भार देऊ नये. ८० ते ११० हे कामाचे उष्णतामान. ११० ते १२० मध्ये लक्ष ठेवून काम करावे. १२० च्या वर काटा टिकून राहिला तर गिअर उतरवून भार कमी करावा व कारण शोधावे. १३० च्या पुढे गेल्यास काम थांबवून इंजिन काही मिनिटे सावकाश चालू ठेवावे, मग बंद करावे. परंतु तेलाच्या दाबाचा दिवा लागला तर एक क्षणही न थांबता इंजिन बंद करावे.

हे आकडे चेंबरातील तेलाचे आहेत. कूलर नसलेल्या इंजिनात फिल्टरपाशी जवळजवळ तेवढेच उष्णतामान मिळते. कूलर असून तो फिल्टरच्या आधी असेल तर फिल्टरपाशी कमी आकडा येतो, म्हणून तेथे धोक्याची रेघही खाली धरावी. म्हणूनच मीटरच्या शेजारी कागद चिकटवून सेन्सर कोठे बसविला आहे ते लिहून ठेवावे. जागेवाचून आकडा म्हणजे बांध्याचे नाव न सांगता पाण्याची पातळी सांगण्यासारखे होय.

मीटर बसविल्यावर पहिल्या १० कामाच्या दिवसांची वही ठेवावी. मे महिन्यातील दुपारची नांगरट, आषाढातील चिखलणी, धानाची मळणी, खरेदी केंद्रावर भरलेली ट्रॉली ओढणे, या प्रत्येक कामात काटा कोठे स्थिरावतो ते लिहावे. ते त्या इंजिनाचे स्वतःचे प्रमाण होय. पुढे त्याच कामात, तशाच हवेत काटा १० अंश वर दिसला तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

अशा वेळी सोप्या कारणांपासून आरंभ करावा. तेलाची पातळी कमी आहे काय? ती जास्त असली तरीही क्रँकशाफ्ट तेल घुसळून ते तापविते. मळणीच्या दिवसांत उडणारे तणस व भुसा रेडिएटरच्या किंवा हवेच्या इंजिनाच्या पात्यांत अडकला आहे काय? पंख्याचा पट्टा सैल आहे काय? तेलात डिझेल उतरून ते पातळ झाले आहे काय? तेल ठरलेल्या जातीचेच आहे काय? ही सर्व ठीक असतील, व काटा तरीही चढत असेल, तर बेअरिंगाचीच शंका धरून जाणत्या मिस्त्रीस दाखवावे. या टप्प्यावर दाखविल्यास बेअरिंगाच्या वाट्या बदलून भागते. आणखी आठ दिवस दुर्लक्ष केल्यास क्रँकशाफ्ट जाते.

हे मीटर सर्वांनाच हवे काय?

नाही. ज्याच्या ट्रॅक्टरवर पाण्याचा काटा बंद पडलेला आहे व तेलाच्या दाबाचा दिवा लागत नाही, त्याने प्रथम ते दुरुस्त करावेत. रोज सकाळी पट्टीने तेल व डोळ्यांनी पाणी पाहणे यास कोणतेही मीटर पर्याय होऊ शकत नाही. एवढे केल्यावर तीन प्रकारच्या मालकांनी तेलाच्या उष्णतामानाचे मीटर अवश्य बसवावे : हवेने थंड होणारे इंजिन असणाऱ्यांनी, रात्रंदिवस मळणी यंत्र चालविणाऱ्यांनी, आणि भाड्याने दुसऱ्याच्या हाती ट्रॅक्टर देणाऱ्यांनी. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर एका घरचा राहत नाही. तो एका बांधीतून दुसऱ्या बांधीत, एका चालकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातो. पऱ्हे उपटून तयार असताना इंजिन अडकले तर केवळ दुरुस्तीचा खर्च होत नाही, तर अनेक घरांची रोवणी लांबते आणि त्याची भरपाई पुढे उत्पन्नातून करावी लागते.

सारांश, धानाच्या शेतीत चालणाऱ्या ट्रॅक्टरसाठी फिल्टरच्या बुडाची जागा पहिली पसंतीची मानावी. तेथे सोय नसल्यास मुख्य वाहिनीत, टोक वाहत्या तेलात राहील असा सेन्सर बसवावा. मोटारगाडीसाठीही हाच क्रम ठेवावा. चेंबरच्या तळाचा बोल्ट फक्त कोरड्या व सपाट रस्त्यावर चालणाऱ्या वाहनांसाठी राखावा. ओतीव चेंबरला भोक कधीही पाडू नये. बसविण्यापूर्वी उकळत्या पाण्यात परीक्षा घ्यावी व बसविल्यानंतर वही ठेवावी. बिरसीच्या आकाशात शिकणाऱ्या वैमानिकास उड्डाणापूर्वी तेलाचे दोन्ही काटे पाहण्याची सवय लावली जाते. जमिनीवर चालणाऱ्या इंजिनाच्या मालकाने तीच सवय स्वतःस लावून घ्यावी, म्हणजे कर्ज काढून आणलेले यंत्र कर्ज फिटल्यानंतरही पुष्कळ वर्षे त्याच्या शेतात राबत राहील.